सीट रिकामी दाखवतेय

टमाराने ट्रॅक्टरच्या केबिनचं दार उघडलं आणि भपकारा थेट तिच्या नाकात शिरला. सीटमागे प्लास्टिकच्या दोन बाटल्या होत्या. पिवळ्या, काठोकाठ भरलेल्या. एकीचं झाकण नीट बसलं नव्हतं. ओघळ सीटखालच्या हवेच्या फुग्यापर्यंत गेला होता.

तिने नाकावर बाही धरली.

ही सीट तिने तीन वर्षं खपून बनवली होती. कॅनडातल्या सॅस्कॅचेवानच्या या रानांत तीस वर्षं ट्रॅक्टर चालवून तिचे वडील घरी बसले, तेव्हा त्यांना बुटाची नाडी वाकून बांधता येत नव्हती. टमाराच्या सीटखालचा फुगा धक्के गिळायचा. बसलेल्या माणसाचं वजन ओळखून त्यातली हवा आपोआप कमी-जास्त व्हायची. ड्वेन पेनरच्या शेतावर, ऐन पेरणीत, तिची चाचणी चालू होती. आज बारावा दिवस.

पेनरचा ट्रॅक्टर चालवणारा मायरन सीटवरच बसून होता. ट्रॅक्टर थांबला तरी उठला नव्हता. एकसष्ट वर्षांचा हा माणूस तिच्या वडिलांच्या जोडीने राबलेला.

"शी! मायरनकाका, चहूकडे मैलोन्‌मैल मोकळं रान पडलंय. दोन मिनिटं खाली उतरायला काय झालं होतं?"

मायरनचा चेहरा लालबुंद झाला. त्याने बाटल्यांवर आपलं जाकीट टाकलं.

"उठा आता. मला आकडे घ्यायचेत."

तो घुटमळला, मग उठून बाजूला उभा राहिला. मिनिटही झालं नसेल, डॅशबोर्डवरचा फोन वाजला.

"मायरन, सीट रिकामी दाखवतेय," पेनरचा आवाज केबिनभर घुमला. "झोपलास की काय? पेरणी कोण करणार, तुझा आजा?"

"ड्वेन, मी टमारा बोलतेय. तुला कसं कळलं सीट रिकामी आहे ते?"

"अगं, तुझीच तर करामत!" पेनर खुशीत हसला. "तुझी सीट वजन मोजते ना? तो आकडा मी माझ्या फोनवर घेतला. पूर्वी आठ तास झाले की हे लोक कंबर धरून उतरायचे. आता चौदा तास बसतात. मला अशा आणखी सहा दे."

टमाराने फोन बंद केला. वास तोच होता, पण आता शिसारी आली ती स्वतःच्याच हातांची. या हातांनी तिने तो वजनकाटा सीटखाली बसवला होता.

"पाठ कशी आहे, काका?" तिने खालच्या आवाजात विचारलं.

"मुळीच दुखत नाही." मायरन बाहेर बघत म्हणाला. "तीच तर पंचाईत झालीय. पाठ धरली की उतरता यायचं, कोणी काही बोलायचं नाही. आता काय सांगून उतरू?"

टमारा गुडघ्यांवर बसली. ओघळातच हात घालून तिने वजनकाट्याची वायर उपटली. फुग्यातली हवा सूं करत निघून गेली आणि सीट खाली बसली.

"आता ही फळीसारखी लागेल," ती म्हणाली. "आकडा केबिनबाहेर जाणार नाही अशी नवी करून आणते. महिनाभर लागेल. ड्वेनने विचारलं तर सांगा, टमाराने वायर काढली. आणि नवी तयार होईपर्यंत त्याला एकही सीट मिळायची नाही, हेही सांगा."

मायरनने ट्रॅक्टर सुरू केला. ती बांधावर उभी राहून बघत होती. ढेकळांवरून जाताना प्रत्येक धक्क्याला त्याचे खांदे उडत होते. एक फेरी मारून तो परत आला आणि इंजिन बंद केलं.

"आई गं, पाठ गेली माझी!" शेजारच्या शेतापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने तो ओरडला, आणि सुट्टी लागलेल्या माणसासारखा हसत हसत शिडी उतरला.