म्हशीला न मानवलेलं सेंट
पुण्याहून मैंदर्गीला येताना महेश्वरीनं वडिलांसाठी भारीतलं सेंट आणलं. किंमत ऐकून संगप्पाच्या घशात भाकरीच अडकली. “एवढ्यात म्हशीची महिन्याची पेंड आली असती की!” तरी लेकीचं मन राखायला सकाळी दोन फवारे मारून तो गोठ्यात धार काढायला बसला. म्हशीनं नाक फेंदारलं आणि धन्याला परका समजून लाथेनं बादली उडवली. “घ्या, पैसंबी गेलं, दूधबी गेलं!” म्हणत बायको सिद्धम्मा पदराआड हसली. संध्याकाळी तीच धारेला बसली. पुन्हा लाथ, पुन्हा बादली आडवी! संगप्पा धावत आला आणि थबकला. तिच्या पदराला तोच वास! “गडीमाणसाचं सेंट तू कशाला लावलंस?” “तुमचा सकाळचा वास दिसभर संगं ऱ्हावा म्हणून,” ती लाजून पुटपुटली. संगप्पानं लेकीला हाळी दिली, “सेंट लई स्वस्त पडलं! उद्यापासनं दूध तेवढं इकत आणू!”