गायब होणारं व्हर्जन

अण्णांच्या कॉम्प्युटरला भूतबाधाच झाली होती म्हणा ना! अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन टाकलं, की आठवड्याच्या आत गायब! मग दूरदेशी राहणारी लेक फोन लावायची आणि तिकडूनच कॉम्प्युटर ताब्यात घेऊन ते परत टाकून द्यायची. स्क्रीनवर तिचा बाण तुरुतुरु पळायला लागला, की रिकाम्या घरात लेकच वावरतेय असं अण्णांना वाटायचं.

"सावकाश गं बाई, मला मेल्याला काही कळत नाही त्यातलं."

आज मात्र काम चुटकीसरशी आटपलं. अण्णांचा चेहरा एवढासा झाला.

लेक हळूच म्हणाली, "अण्णा, पुढच्या वेळी सगळंच काढून टाका हं. अर्धवट काढलंत, की काम पटकन संपतं आणि मग इथलं घर मला खायला उठतं."