रत्नागिरीत कुणी ऐकतंय का?

सूतगिरणीचा भोंगा झाला. "अहो, पाळी चुकेल!" बायको म्हणाली. पण दिगंबर मगदूम हॅम रेडिओसमोरून हलले नाहीत.

नोकरी गिरणीत असली तरी त्यांचा जीव या छंदात होता. रोज पाळीआधी ते रेडिओवरून रत्नागिरीच्या काशिनाथ शिवलकरांशी बोलत. आज बोलता बोलता शिवलकरांची जीभ जड झाली आणि काहीतरी धाडकन पडलं.

"रत्नागिरीत कुणी ऐकतंय का? माझे मित्र घरात एकटेच कोसळलेत!" मगदूम पुन्हा पुन्हा पुकारत राहिले.

अखेर एका मुलीने उत्तर दिलं. "मी रत्नागिरीतच आहे काका. पत्ता सांगा."

मगदूम गडबडले. एवढ्या वर्षांत दोघं कधी भेटलेच नव्हते. "मांडवीत राहतात, एवढंच ठाऊक आहे. छपरावर उंच अँटेना असेल, ती शोध पोरी!"

मग नुसती खरखर.

बऱ्याच वेळाने तिचा आवाज आला, थेट शिवलकरांच्या सेटवरून. "काका, शेजाऱ्यांनी दार तोडलं. डॉक्टर आलेत. शिवलकरकाका शुद्धीवर आहेत, पण बोलता येत नाहीये. सारखं माइककडे बोट दाखवताहेत."

आजवर दोघं एकमेकांना अहोजाहो करत आले होते. मगदुमांनी माइक तोंडाजवळ ओढला.

"काशिनाथ, घाबरू नकोस. मी निघालोच."