सहा पाखंडी

ज्यू धर्मगुरूंच्या, रब्बींच्या दारात सहा जण रांगेने उभे होते, आणि सहाही जणांना आत जाऊन आपण धर्म बुडवला आहे असं कबूल करायचं होतं. आता याला काय म्हणावं! एरवी हेच लोक त्या दाराकडे बघून थुंकायचे.

"मी डुकराचं मांस खातो, एवढं पुरेल का रे?" कातडी कमावणारा गेत्सल म्हणाला.

"तुझ्या तोंडाचा वासच पुरेल," मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. रांगेत शेवटी उभा असलेला लेइझर तेवढा हसला नाही.

आत बाकावर फ्रेडल बसली होती. मोजे विणणारी, सव्वीस वर्षांची. लेइझरशी लग्न व्हावं म्हणून ती चार वर्षं झुरत होती. ते होत नव्हतं, कारण तिचं लग्न आधीच झालं होतं.

झालं म्हणजे, खोटं खोटं. विल्ना शहरातल्या कारखान्यांमधली गुप्त मंडळं एकत्र करून कामगारांचा पक्ष काढायचं ठरलं, तेव्हा जमायचं कसं? झारच्या राज्यात चार माणसं एकत्र दिसली की पोलीस हजर. म्हणून लग्नाचं सोंग केलं. फ्रेडल नवरी, परगावहून आलेला एक जण नवरा, आणि आज रांगेत उभे असलेले हे सहा जण वऱ्हाडी. दाढीवाला एक तरी हवा म्हणून म्हाताऱ्या पाणक्या मोटेला आणून बसवला. पण हवालदार आला तो ठाण मांडूनच बसला. वोडका मागितली आणि म्हणाला, "होऊ दे की लग्न!" शंभर ज्यू लग्नं बघितलेला माणूस! त्याच्यासमोर अंगठी घालावी लागली, मंत्रही नीट म्हणावा लागला.

पक्ष जन्माला आला आणि पोरगी अडकली. दोन साक्षीदारांसमोर अंगठी आणि मंत्र झाला, की लग्न लागलंच. काडीमोड द्यायला नवरा हवा, तर तो दुसऱ्या दिवशी जो गेला तो गेलाच. त्याचं खरं नावसुद्धा कुणाला माहीत नव्हतं. नाव विचारायचं नाही, हा पक्षाचा पहिला नियम. पुढे पक्ष वाढला, गावोगावी शाखा निघाल्या, कामाचे दोन तास कमी झाले. फ्रेडल होती तिथेच राहिली.

"नियम तुमचा आणि जन्मठेप मला!" ती एकदा लेइझरवर ओरडली होती. "चल, तसेच राहू एकत्र. देव नाही ना? मग घाबरतोस कुणाला?"

"लोक पक्षाच्या तोंडात शेण घालतील," तो म्हणाला होता. "सुटका रब्बींकडूनच व्हायला हवी."

भर रस्त्यात उभं राहून देवाला शिव्या घालणारा माणूस, आणि हे असलं उत्तर! पक्षासाठी म्हणून तिने तेही गिळलं.

शेवटी रब्बींनाच वाट सापडली. धर्म बुडवणाऱ्याची साक्ष चालत नाही. हवालदार परधर्मी, तो बाद. मोटे धार्मिक, पण एकट्याची साक्ष पुरत नाही. उरलेले सहाही पाखंडी ठरले, तर साक्षीदार दोन होत नाहीत. म्हणजे लग्नच लागलेलं नाही.

"प्रायश्चित्ताच्या दिवशी उपवास मोडतोस?" रब्बी प्रत्येकाला एवढंच विचारत होते.

"मोडतो. रस्सा ओरपतो."

"मोडतो. दोनदा."

गेत्सलने तर काय काय खाल्लं त्याची यादीच सांगितली. रब्बी एकेकाला हाताने बाजूला करत होते. पाच झाले. फ्रेडलला हसू आणि रडू एकदमच यायला लागलं. सुटले गं बाई!

लेइझर पुढे आला. त्याचा चेहरा पार उतरला होता.

"याला काय विचारता, रब्बी?" फ्रेडलच म्हणाली. "उपवासाच्या दिवशी भर चौकात पंगत मांडतो तो हाच. सगळ्यात पुढे बसतो!"

"त्याला बोलू दे, पोरी."

लेइझरने तिच्याकडे पाहिलं नाही.

"बसतो, रब्बी," तो म्हणाला. "दर वर्षी बसतो. घास मात्र आजवर एकदाही घेतलेला नाही."