काळी तार

"आबा, या घड्याळानं माझ्यावर डूख धरलाय," असं म्हणत सुनेनं कपाळाला हात लावला.

म्हातारे घड्याळजी तिच्या शेजारी स्टुलावर बसले होते. पन्नास वर्षं त्यांनी लोकांची घड्याळं वेळेवर आणली, आणि आता स्वतःच्या मनगटावरचे काटे त्यांना दिसत नव्हते. म्हणून सुनेनं त्यांच्यासाठी बोलणारं घड्याळ बनवलं होतं. बटण दाबलं की वेळ सांगणारं. पण नऊ दिवस झाले, घड्याळ मूग गिळून बसलं होतं.

मुलगा बदलीच्या गावी जाऊन दोन महिने झाले होते. घड्याळजींना घर सोडवत नव्हतं. "घड्याळ बोलायला लागलं की तू त्याच्याकडे जायचंस," असं त्यांनीच सुनेला बजावलं होतं, आवाज जमेल तितका कडक करून. तेव्हापासून घड्याळ कधीच बोलू नये, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

सुनेनं काड्यापेटीएवढी डबी लॅपटॉपला जोडली. हा लॉजिक अ‍ॅनालायझर, असं तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. डबीला रंगीत तारा आणि तारांना बारीक चिमटे. घड्याळातली कुठली तार कधी काय बोलते ते पडद्यावर उमटायचं.

"आधी काळ्या तारा," ती स्वतःशीच पुटपुटली. "एक वेळ मोजणाऱ्या बोर्डाला, एक आवाजाच्या बोर्डाला. काळी म्हणजे ग्राउंड, ती नसेल तर बाकीच्यांची बडबड फुकट."

चिमटे लावून तिनं बटण दाबलं.

"नऊ वाजून दहा मिनिटं," घड्याळ खणखणीत म्हणालं.

चिमटे काढले, पुन्हा दाबलं. गप्प.

"बघा, डॉक्टर आला की दुखणं पळतं. अजून चार दिवस तरी लागतील."

"लागू देत," घड्याळजी म्हणाले. "घाई कसली?"

दुखणं त्यांना ठाऊक होतं. दुसऱ्याच दिवशी, सून अंघोळीला गेली असताना, त्यांनी बोटांनी घड्याळ चाचपलं होतं. दोन बोर्डांना जोडणारी ग्राउंडची तार तुटलेली होती, टोक अगदी गुळगुळीत. हल्लीच्या तारा अशाच तुटत असतील, असं ते मनाशी म्हणाले. डबीच्या काळ्या तारा आतून एकच, म्हणून चिमटे लावले की त्या तेवढीच तुटलेली वाट जोडून देत होत्या. एवढी हुशार पोर, पण नाकासमोरचं दिसेना. घड्याळजींनी तोंड शिवून घेतलं.

दुपारी मुलाचा फोन आला. सून गॅलरीत हळू आवाजात बोलत होती. "नाही रे, इतक्यात नाही. आबांचं घड्याळ बोलत नाही ना अजून."

घड्याळजींनी ते ऐकलं. आपल्यापायी पोरांची ताटातूट, हे काही बरं नव्हे.

ती बाजारात गेल्यावर त्यांनी सोल्डरिंग गन तापवली. चाचपत तार सांधली. अंगठा भाजला, तारेवर सोल्डरचा हरभऱ्याएवढा गोळा झाला, पण सांधा पक्का बसला. घड्याळानं वेळ सांगितली आणि त्यांना आत्ताच एकटं वाटायला लागलं.

संध्याकाळी सुनेनं बटण दाबलं. घड्याळ बोललं. तिनं मागचं झाकण उघडून आत पाहिलं.

"आपोआप सुधारलं वाटतं," घड्याळजी म्हणाले.

"वाटतं खरं." तिनं त्यांचा हात हातात घेतला. "अंगठ्याला काय झालं?"

"चहाचं भांडं लागलं."

तिनं मलम आणून फुंकर घालत लावलं. "मग उद्या तिकीट काढू का?"

"काढ," ते म्हणाले. आवाज काही नीट कडक झाला नाही.

सकाळी उठल्या उठल्या घड्याळजींनी बटण दाबलं. घड्याळ गप्प. पुन्हा दाबलं, तरी गप्प. त्यांनी मागचं झाकण काढून आत बोटं घातली. हरभऱ्याएवढा गोळा जागच्या जागी होता. त्याला लागून तार तुटली होती, आणि टोक पहिल्यासारखंच गुळगुळीत होतं, कापल्यासारखं.

"बोलत नाही का?" स्वयंपाकघरातून सुनेनं विचारलं. "काळजी करू नका, आबा. अजून चार दिवस तरी लागतील."