मामाच्या कॉलरवरचं यंत्र

अगं, तू आधी ऐक तर! दगड घासायच्या कारखान्यात काम करणाऱ्या मामाचा खोकला धुळीचाच आहे, हे भाचीला पुराव्यानिशी दाखवायचं होतं. तरच मालक धूळ ओढणारे पंखे बसवणार होता. म्हणून तिने आठवडाभर मामाच्या कॉलरला आपल्या ऑफिसातून आणलेलं धूळ मोजायचं यंत्र लावलं. आणि रिपोर्टात काय, तर हवा एकदम स्वच्छ! मालकाने पंख्यांचा विषयच संपवला. ती तणतणत मामाकडे गेली, "अरे मामा, असं होईलच कसं?"

मामा खोकत खोकत हसला. "अगं वेडाबाई, एवढं महागाचं यंत्र धुळीने बिघडलं असतं, तर तुझ्या ऑफिसातल्या साहेबांची बोलणी तुलाच खावी लागली असती ना? मी कामावर गेलो की ते पिशवीत घट्ट गुंडाळून ठेवायचो!"

आता तूच सांग, तू चिडली असतीस तरी कुणावर?