गुलाबबागेखालचा तलाव

"या गुलाबबागेच्या जागी पूर्वी पोहण्याचा तलाव होता. त्रेसष्ट साली तो गळायला लागला, म्हणून बुजवला." दर शनिवारी पाहुण्यांना मिसिसिपीतलं आपलं छोटंसं शहर दाखवताना सत्तरीची वर्ना हेच सांगे.

आज घोळक्यातला एक काळा म्हातारा म्हणाला, "बाई, थेंबभर गळत नव्हता हो. आम्हा काळ्यांनाही आत सोडा, असा कोर्टाचा हुकूम आला होता. आम्ही चौघं पोरं टॉवेल घेऊन पोचलो, तर ट्रकमधून माती पडत होती. पुढच्या सीटवर एक गोरी पोरगी रडत बसलेली. आमच्यासाठी कुणीतरी रडतंय, एवढं बघून आम्ही घरी गेलो."

वर्नाला गप्प राहता आलं असतं.

"ती मी," ती म्हणाली. "ट्रक माझ्या वडिलांचा. तलाव गळतो, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. पण मी तुमच्यासाठी नव्हते रडत. आता पोहायला शिकायला मिळणार नाही, म्हणून रडत होते."

"मग शिकलात का पुढं?"

"हो. पुढच्याच आठवड्यात, गोऱ्यांच्या क्लबात."

म्हाताऱ्यानं मान डोलावली. "माझं राहूनच गेलं."